बारादगडीतली मोकळी जागा

देगलूरहून उदगीरकडं निघालं की वस्ती विरळ होते, तिथं डाव्या हाताला फारूकभाईंचं दगडाचं अंगण आहे. शेजारी माझं हार्डवेअरचं दुकान. मधे भिंत नाही, एक लिंबाचं झाड आहे, आणि त्या झाडाखाली गेली पस्तीस-छत्तीस वर्षं आम्ही दोघं दुपारचा चहा पीत आलो. मी मल्लिनाथ. आमचा पिढीजात धंदा आडतीचा, वडील गेल्यावर मी हार्डवेअरमध्ये शिरलो. ते पाथरवट. पाटे, वरवंटे, उखळं, जाती, आणि कबरीवरच्या नावाच्या पाट्या करायचे. उर्दू, मराठी, वेळ पडली तर कानडीसुद्धा कोरायचे. कानडी त्यांना वाचता येत नाही. कागदावरचं अक्षर बघून तसंच्या तसं दगडात उतरवायचे. आजवर कुणाचं नाव चुकलं नाही.

घराचा दगड मात्र ते घडवत नसत. कुणी जोत्यासाठी, भिंतीसाठी विचारायला आलं की म्हणायचे, "त्ये काम मी सोडलं. दुसऱ्याला बघा." लोकांना वाटायचं, अंगमेहनत नको असेल. मला कारण ठाऊक होतं.

त्यांना एकच बहीण होती, वहिदा. पाच वर्षांनी धाकटी. अठ्ठ्याऐंशीला तिचं लग्न झालं, लातूरकडं, किल्लारीच्या पलीकडं तेरणेकाठच्या एका गावात. नवऱ्याचं घर मातीचं होतं. फारूकभाई तेव्हा पंचविशीचे, हातात नवं बळ. म्हणाले, माझी बहीण मातीच्या घरात राहणार न्हाई. दोन उन्हाळे ते त्या गावात जाऊन राहिले. एकेक दगड स्वतः घडवला. दोन हात जाडीची भिंत, त्यावर लाकडी माळवदाचं छप्पर. मी एकदा बघायला गेलो होतो. वहिदानं भिंतीवर थाप मारून मला सांगितलं, "भाईजान म्हणतात, ह्ये घर माझ्या नातवालाबी पुरंल."

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंप झाला. त्या भागातल्या दगडी भिंती कशा कोसळल्या, त्यांखाली किती माणसं गेली, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. फारूकभाई तिसऱ्या दिवशी तिथं पोचले. गावात अजून पाऊस चालू होता. घर कुठलं ते त्यांना सांगावं लागलं नाही. ढिगाऱ्यातले दगड त्यांनी ओळखले. ज्याचे त्याला टाकीचे घाव कळतात. त्या दगडांखालून वहिदा निघाली, तिचा नवरा निघाला, आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा तिच्या पोटाशी निघाला. मुलाला आईजवळच पुरलं.

परत आल्यावर महिनाभर ते बोलले नाहीत. टाकीला हात लावला नाही. वहिदाचा चाळिसावा दिवस जवळ आला तसे एक दिवस माझ्याकडं आले.

"तिच्या कबरीवर दगड पाहिजे, मल्लिनाथ."

"करा की मग. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"माझ्या टाकीचा न्हाई." मग म्हणाले, "कुणाच्याच टाकीचा न्हाई. टाकी लागली नसंल असा दगड पाहिजे."

मला वाटलं, नदीतला एखादा धोंडा आणतील. पण त्यांच्या मनात बारादगडी होती.

गावापासून तीन कोसांवर एक मुरमाड माळ आहे, त्यावर बाभळी आणि निवडुंग. त्या माळावर गोल रिंगणात दगड उभे आहेत, कुठला कमरेएवढा, कुठला छातीएवढा. मधोमध एक चपटी शिळा. या दगडांना छन्नी लागलेली नाही, जसे उचलले तसेच आणून रोवलेत. कुणी रोवले, कधी, कशासाठी, कुणाला ठाऊक नाही. आमच्या लहानपणी तिकडं शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नसे. म्हातारी माणसं म्हणायची, ते दगड मोजू नयेत, दोनदा मोजले की आकडा वेगळा येतो. त्यामुळं नाव बारादगडी असलं तरी खरोखर बारा आहेत का, हे कुणी बघत नव्हतं. तेव्हा सरकारी पाटी नव्हती, कुंपण नव्हतं. माळावरचे दगड, एवढंच.

गावातल्या व्यापाऱ्यांनी भूकंपाच्या भागात ज्वारी आणि घोंगड्या पाठवायचं ठरवलं होतं. ट्रक आमच्या घरच्या जुन्या आडतीवरून निघणार होता, गुंडप्पा म्हणून ड्रायव्हर होता. तो, मी, फारूकभाई आणि एक हमाल असे चौघं त्या दिवशी सकाळी माळावर गेलो. फारूकभाईंनी पूर्वेच्या अंगाचा एक दगड निवडला. माझ्या छातीपर्यंत येणारा, निमुळता, एका बाजूनं पावसानं गुळगुळीत झालेला. पहारी लावून, दोर बांधून, खाली वासे सरकवून तो काढायला दुपार झाली.

दगड आडवा झाला आणि खाली खड्डा उघडला. खड्ड्याच्या तळाशी एक चपटं दगडी झाकण होतं. फारूकभाईंनी ते हातानं बाजूला केलं. आत एक मडकं होतं, आतून काळं, बाहेरून तांबडं. त्यात माती होती आणि मातीत हाडं होती. बारीक हाडं. लहान मुलाची असावीत हे आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. गुंडप्पा आणि हमाल ट्रककडं वासे न्यायला गेले होते, त्यांनी काही बघितलं नाही.

मी म्हणालो, "फारूकभाई, राहू द्या. परत उभा करू."

ते खड्ड्याच्या काठावर बसून होते. मग त्यांनी झाकण होतं तसं ठेवलं. ओंजळीनं माती लोटली, भोवतीचे बारके दगड त्यात भरले आणि दोन्ही हात पसरून फातेहा पढला. उठताना म्हणाले, "ह्येला रडणारं आता कुणी उरलं नसंल. वहिदाला रडायला मी हाय अजून."

त्यांच्या त्या वेळच्या अवस्थेत मी आणखी काय बोलणार होतो? दगड ज्वारीच्या पोत्यांशेजारी चढवला. दुसऱ्या दिवशी तो वहिदाच्या उशाशी उभा राहिला. त्यावर नाव कोरलं नाही.

नंतर फारूकभाईंचं लग्न झालं, सत्त्याण्णवला सादिया झाली. तिची आई ती सहा वर्षांची असताना काविळीनं गेली. पोरगी अंगणातच वाढली. दगडाच्या कपच्यांनी खेळायची, माझ्या दुकानातले खिळे मोजायची. मला काका म्हणायची. बाप आणि लेक आपसात दखनी बोलत, इथं मी ते माझ्या मराठीत सांगतोय.

ती बारा वर्षांची असताना शाळेची सहल बारादगडीवर गेली. तोवर दगडांबद्दल पेपरात कुठंतरी छापून आलं होतं. परत आली ती थेट बापापुढं उभी राहिली.

"अब्बा, ते दगड कशासाठी आहेत?"

"काय माहीत बेटा."

"तुम्ही दगडाचं काम करता आणि तुम्हाला माहीत नाही?"

फारूकभाई हातातल्या जात्याला टाकी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि दुकानात गेलो.

पोरीनं एक वही केली. येईल त्याला विचारायची आणि लिहून घ्यायची. लिंबाखाली बसणाऱ्यांना तेवढंच पाहिजे होतं. आमच्याकडचा एक निवृत्त तलाठी म्हणायचा, निजामाच्या काळातल्या हद्दीच्या खुणा आहेत. गुंडप्पा म्हणायचा, राजाचे हत्ती बांधायचे खुंट आहेत. त्यानं स्वतः त्यातला एक ट्रकमधून नेला होता, पण त्याच्या आयुष्यात इतके दगड वाहून झाले होते की तो विसरूनही गेला. दूधवाली म्हणायची, ते वऱ्हाड आहे, नवरी रडली म्हणून देवानं सगळ्यांना दगड केलं. कुणी म्हणे पांडवांची चूल, कुणी म्हणे खाली धन आहे. शेवटी पोरगी बापाकडं वळायची, "आता तुमचं मत." फारूकभाई म्हणायचे, "माझं मत लिहू नको."

त्यांनी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. हे मी त्यांना अनेकदा म्हणालो, पण मी तरी कुठं सांगितलं? एकदा ते मला म्हणाले, "दगडाचं सांगायचं तर वहिदाचं सांगावं लागंल. वहिदाचं सांगायचं तर भिंतीचं. लेकरू रात्री माझ्या हाताला धरून झोपतंय, मल्लिनाथ. ह्या हातानं काय काय झालंय, ते कसं सांगू?" फुफी, म्हणजे आत्या, भूकंपात गेली एवढंच सादियाला माहीत होतं. घर कुणी बांधलं, ते नव्हतं.

कॉलेजात गेल्यावर तिनं टेप आणि होकायंत्र घेऊन माळ मोजायला सुरुवात केली. दगड अकरा भरले. रिंगणात सगळ्यांमधलं अंतर जवळपास सारखं, फक्त पूर्वेला दुप्पट मोकळी जागा. तिला त्या जागेनं झपाटलं. मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखी असते त्या सुमाराला, ती पहाटे जाऊन मधल्या शिळेवर बसली. सूर्य नेमका त्या मोकळ्या जागेतून वर आला. सप्टेंबरात पुन्हा गेली, पुन्हा तसाच आला. त्या दिवशी ती माळावरून सायकल मारत आली तिचा चेहरा मला आजही आठवतो. घामाघूम, केसांत बाभळीची पानं.

"अब्बा, ते दार आहे. सूर्यासाठी ठेवलेलं दार. तिथं दगड मुद्दाम लावला नाही त्यांनी. सगळे म्हणतात असे दगड म्हणजे कबरी. कबरी नाहीतच त्या. ते कॅलेंडर आहे, पेरणीचं."

"मग बारादगडी का म्हणतात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"मधली शिळा धरून बारा होतात की काका."

फारूकभाई हसले. लेकीच्या आनंदावर हसणारा बाप दिसावा तसेच दिसत होते. त्या वर्षापासून त्यांनी वहिदाच्या कबरीवर जायचं सोडलं. आधी दर साली जायचे.

सादियानं नांदेडला एम. ए. केलं. तिचे मार्गदर्शक रविकांत सर भले माणूस. त्यांनी तिचा निबंध एका परिषदेत वाचायला लावला, मग तो छापून आला. पेपरवाले आले. माळावर शेंदोनशे माणसं सूर्य बघायला जमायला लागली, आणि ती मधोमध उभी राहून सगळ्यांना समजावून सांगायची. त्याच विषयावर तिची पीएच. डी. सुरू झाली. गावात फारूकभाईंना लोक 'सादियाचे अब्बा' म्हणायला लागले. त्यांना ते आवडायचं. आवडायचं, आणि ऐकलं की ते खाली बघायचे.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये सरांनी खोदाईची परवानगी मिळवली. मोकळ्या जागेतच खड्डा घ्यायचा होता. तिथं कधीच दगड नव्हता हे सिद्ध झालं की सादियाचं म्हणणं पक्कं होणार होतं. खोदाई शुक्रवारी ठरली. ती बुधवारी घरी आली, पिशवीत खुरप्या, ब्रश, दोऱ्याचे गुंडे. गुरुवारी दुपारी फारूकभाईंनी मला हाक मारली.

"बस. मी कुठं चुकलो तर सांग."

सादिया दोऱ्याला गाठी मारत बसली होती. फारूकभाई तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी घरापासून सुरुवात केली. दोन उन्हाळे, दोन हात जाडीची भिंत, माळवद. भूकंप. ढिगाऱ्यातले टाकीचे घाव. चाळिसावा. दगड. मडकं. एकदाही थांबले नाहीत. मला कुठं दुरुस्त करावं लागलं नाही.

भिंतीचं ऐकताना सादियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. दगडाचं ऐकताना तो हात हळूच निघाला.

तिनं दोऱ्याचा गुंडा खाली ठेवला. मग आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती वही घेऊन बाहेर आली.

"साल?"

"त्र्याण्णव. नोव्हेंबर."

"दगड जमिनीत किती खोल होता?"

"दीड हात. वर तीन हात असंल."

"मडकं कुठल्या बाजूला?"

"बरोबर खाली. झाकण होतं वर. चपटं."

"हाडं?"

"मोजली न्हाईत."

"केवढी होती?"

फारूकभाईंनी आपली करंगळी पुढं केली. तिनं पट्टीनं ती मोजली आणि लिहिलं. बापाचा हात तिच्या हातात होता, पण तिनं तो एखादा तुकडा धरावा तसा धरला होता. मग माझ्याकडं वळली.

"काका, तुम्ही तिथं होता?"

"होतो."

"तुम्हीपण," ती म्हणाली आणि वही मिटली.

फारूकभाई म्हणाले, "बेटा, तू खूश होतीस. मला वाटलं, असू दे."

"मी चौदा वर्षं तुमच्यासमोर विचारत होते." तिचा आवाज चढला नाही. "जगात एका माणसाला उत्तर माहीत होतं. तो मला रोज जेवायला वाढत होता."

त्या सगळ्या दुपारी तिनं त्यांना अब्बा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू होण्याआधी तिनं सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तरी खोदू." हातभर खाली बारके दगड लागले, त्याखाली झाकण, त्याखाली मडकं, फारूकभाईंनी ठेवलं होतं तसंच. हाडं दोन-तीन वर्षांच्या मुलाची निघाली. सर सादियाला म्हणाले, हाही मोठाच शोध आहे, तुझ्याच नावानं लिहू. ती नको म्हणाली. तिनं आपला निबंध मागं घेतला आणि तो छापणाऱ्यांना एक पत्र लिहिलं. त्याची प्रत घरी आली. फारूकभाईंना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. त्यात लिहिलं होतं की, रिंगणातली पूर्वेकडची मोकळी जागा मूळची नाही, तिथला दगड १९९३ साली एका स्थानिक पाथरवटानं हलवला होता.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"बरोबर लिहिलंय. स्थानिक हाय. पाथरवट हाय."

पीएच. डी. तिथंच राहिली. सादिया लातूरला गेली, स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये इतिहास शिकवायला लागली. खोली घेतली. महिन्यातून एकदा फोन करायची, माझ्या फोनवर. "त्यांच्या गोळ्या संपल्या का बघा, काका." मी फोन त्यांच्याकडं द्यायला लागलो की तिला तास असायचा.

दीड वर्ष असं गेलं. फारूकभाईंनी हातातली कामं पुरी केली, नवीन घेतली नाहीत. एक दिवस मला म्हणाले, "दगड परत आणायचा." त्यांनी विचार करून ठेवला होता. वहिदाला साधी पाटी करू, तिचं नाव घालू, आणि तो दगड त्याच खड्ड्यात उभा करू. मी रविकांत सरांना फोन लावला. सर म्हणाले, हलवण्याआधी दगड जागेवर नीट मोजून घ्यावा लागेल, आणि ते सादियापेक्षा चांगलं कुणी करणार नाही. सरांनीच तिला सांगितलं. ती हो म्हणाली.

नोव्हेंबरात आम्ही दोघं एसटीनं लातूरला गेलो. ती स्टँडवर टेप आणि वही घेऊन उभी होती. फारूकभाई तिच्याकडं बघून म्हणाले, "वाळलीस." ती म्हणाली, "जीप ठरवलीय, चला." वाटेत ती पुढं बसली.

भूकंपानंतर ते गाव उठून दुसरीकडं वसलं. जुन्या जागी आता बाभळी, मातीचे उंचवटे, कुठं एखादं जोतं. कबरस्तान नदीच्या बाजूला, तिथल्या मातीच्या कबरी झिजून जमिनीशी सपाट झालेल्या. फारूकभाई झपझप पुढं चालले होते आणि एकदम थांबले.

दगड जागेवर होता. पण त्याला शेंदूर फासलेला होता, वरपासून खालपर्यंत. पुढं नारळाची करवंटी, विझलेली पणती आणि दोन पत्र्याची खेळण्यातली चाकं. दगडाशी टेकून एक म्हातारी बसली होती. आम्हाला बघून उठली.

"दर्शनाला आलाव का?"

मी विचारलं, "कोण आहे हा देव, आई?"

तिचं नाव धुरपताबाई. नव्या गावातून चालत येते म्हणाली. "नाव न्हाई ह्येला. भूकंपात सगळं गाव पडलं, ह्यो एकटा हुबा ऱ्हायला. लई सत्त्वाचा हाय. माझी दोन लेकरं गेली तवा. एक पाच वर्साचं, एक तीन वर्साचं. सगळ्यांला एका जागी जाळलं, कोण कुणाचं कळंना. मला बसायला जागा न्हवती. मंग सात-आठ वर्सामागं हितं याया लागले. ह्येच्यापाशी बसलं की वाटतंय, हितंच हायेत."

सादियाच्या हातात टेप होता. ती दगडाकडं बघत नव्हती, बापाकडं बघत होती. मलाही धाकधूक झाली. गप्प राहायची त्यांची सवय मला माहीत होती आणि इथं गप्प राहणं सोपं होतं.

फारूकभाई म्हणाले, "बाई, ह्यो दगड भूकंपाच्या आधी हितं न्हवता. मागून मी आणून लावला. ह्येच्याखाली माझी बहीण हाय."

धुरपताबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग दगडाकडं. दोन पावलं मागं सरकून तिनं हात जोडले. "मला ठावं न्हवतं दादा. कबर हाय म्हून ठावं न्हवतं. पुसून देते मी. राकेलनं निघतोय शेंदूर." ती वाकून पणती, चाकं गोळा करायला लागली. पदरात घेता घेता थांबली. "मंग म्या आता कुठं जाऊ?"

फारूकभाई खाली बसले. तिच्या पदरातली चाकं त्यांनी घेतली आणि होती तिथं ठेवली.

"कुठं जाऊ नका. हितंच या. तिचं दोन वर्षांचं पोरगंबी तिच्याजवळच हाय. तुमची दोघं आली तर तिला जड न्हाई."

मग तो साठी उलटलेला माणूस त्या दगडाला डोकं लावून रडला. एकतीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, दफन करून परतले तेव्हासुद्धा नाही. धुरपताबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती आणि तीही रडत होती. आपली कोण कुठली माणसं गेली हे एकमेकांना विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

दगड आणायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सादियानं तो मोजला. उंची, जाडी, कुठल्या बाजूला पावसानं झिजलाय ते. टेपचं दुसरं टोक मी धरलं. वहीत शेवटी तिनं लिहिलेली ओळ मला दिसली: 'सध्याचा उपयोग.' त्यापुढं तिनं बराच वेळ पेन धरलं आणि जागा कोरीच ठेवून वही पिशवीत टाकली.

मला वाटलं होतं, आता तरी बाप-लेकीचं बोलणं होईल. तसं काही झालं नाही. लातूरच्या स्टँडवर तिनं आम्हाला देगलूरच्या गाडीत बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली. खिडकीशी उभी राहून मला म्हणाली, "पोचल्यावर कळवा, काका." ड्रायव्हर गाडी मागं घ्यायला लागला तेव्हा फारूकभाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. तिनं तो धरला, दोन-चार पावलं गाडीबरोबर चालली, मग कंडक्टरनं हात आत घ्यायला सांगितलं.

उदगीर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तिचं दार चांगलं होतं, मल्लिनाथ. सूर्य खरंच तिथूनच यायचा."

सादिया आता ईदला येते. दोन दिवस राहते, बापाला जेवायला घालते, त्यांची नखं कापून देते. पुन्हा अब्बाही म्हणायला लागलीय. पण काही विचारत नाही. आधी तिला प्रत्येक गोष्टीचं कारण पाहिजे असायचं. आता ती बापाला एकही प्रश्न विचारत नाही, आणि ते मात्र दोन्ही दिवस ती विचारेल म्हणून तयारीत बसलेले असतात.